रिओबांबा: पृथ्वीच्या फुगवट्यावरचं शहर

जगातला सगळ्यात उंच डोंगर कुठला म्हटलं की आपण लगेच एव्हरेस्ट म्हणतो, आणि ते बरोबरच आहे, पण समुद्रसपाटीपासून मोजलं तर. पृथ्वीच्या केंद्रापासून मोजा, मग पहिला नंबर इक्वेडोरमधल्या चिंबोराझोचा लागतो. त्याच्या पायथ्याजवळ, साधारण २७५० मीटर उंचीवर रिओबांबा आहे, चिंबोराझो प्रांताची राजधानी.

आता हे कसं, तर पृथ्वी काही चेंडूसारखी गोल नाही, ती स्वतःभोवती फिरते म्हणून मधे फुगलीय, विषुववृत्तापाशी त्रिज्या ६३७८ किमी आणि ध्रुवापाशी ६३५७, म्हणजे तब्बल २१ किमीचा फरक! चिंबोराझो विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंशावर, एव्हरेस्ट पार २८ अंशांवर. त्यामुळे नुसती उंची बघितली तर चिंबोराझो ६२६३ मीटर, एव्हरेस्टपेक्षा अडीच किमीने बुटका, तरी त्याचं टोक केंद्रापासून सुमारे २ किमी जास्त लांब.

हा फुगवटा खरंच आहे का हे तपासायला फ्रेंच शास्त्रज्ञ १७३६ मध्ये याच भागात आले होते, डोंगरदऱ्यांतून अंतरं आणि कोन मोजत वर्षानुवर्षं राबले. त्यांना मदत करणाऱ्यांमध्ये पेद्रो विसेन्ते माल्दोनादो होता, १७०४ साली रिओबांबातच जन्मलेला, आणि त्याने काढलेला तिथला नकाशा पुढे खूप गाजला. शहरातल्या मुख्य चौकाला त्याचंच नाव आहे, राजा-सेनापती सोडून नकाशा काढणाऱ्याचं, हे मला फार आवडतं.

पण त्याचा जन्म झाला ते रिओबांबा आज जागेवर नाही. ४ फेब्रुवारी १७९७ ला भयंकर भूकंप झाला, शेजारची टेकडी घसरून गावाचा एक भाग गाडला गेला, आणि वाचलेल्या लोकांनी तिथंच परत बांधण्यापेक्षा वीसेक किमीवरच्या तापी नावाच्या सपाट माळावर नवीन शहर आखलं. रुंद, सरळ रस्ते आहेत ते तेव्हापासून. इक्वेडोरची पहिली राज्यघटनाही १८३० साली इथंच झाली.

इथं राहायचं म्हणजे विरळ हवेत राहायचं. हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या पाऊणपटीहून थोडा कमी, म्हणून पाणी १०० ऐवजी ९१ अंशांच्या आसपासच उकळतं, आणि उकळत्या पाण्यातही बटाटा शिजायला वेळ लागतो (बटाटा मूळचा याच अँडीजचा बरं का, आपल्याकडे तो नंतर आला). विषुववृत्त जवळ म्हणून दिवस बाराही महिने साधारण बारा तासांचाच, हिवाळा-उन्हाळा असा मोठा फरक नाही, पण एकाच दिवसात दुपारी ऊन चटके देतं आणि रात्री स्वेटर लागतो, कारण विरळ कोरडी हवा उष्णता धरूनच ठेवत नाही.

आणि बर्फ! फ्रीज नव्हते तेव्हा चिंबोराझोवरून बर्फ खाली आणणारे लोक होते, त्यांना तिथं इएलेरो म्हणतात. त्यातला शेवटचा बाल्तासार उश्का, २०२४ साली गेला. तो आयुष्यभर गाढवं घेऊन वर चढायचा, माती-दगडांचा थर खणून खालचा बर्फ कुऱ्हाडीने तोडायचा आणि डोंगरावरच्या वाळक्या गवतात करकचून गुंडाळायचा. गवताच्या काड्यांमध्ये अडकलेली हवा उष्णता आत येऊ देत नाही, आपल्याकडे बर्फाच्या लाद्या लाकडाच्या भुशात ठेवायचे ना, तेच. वरच्या माती-दगडांच्या थराचंही तेच काम, म्हणून तर खालचा बर्फ टिकायचा.

तो बर्फ उतरायचा ला मर्सेद बाजारात. तिथं फळांच्या सरबतात तो किसून घालायचे, अगदी लसूणघासाचं हिरवंगार सरबतसुद्धा मिळतं, आणि त्या गारेगार सरबतांना लोक रोम्पेनुकास म्हणतात, म्हणजे मान मोडणारं, कारण पहिल्याच घोटाला मानेच्या मागे कळ जाते. चिंबोराझोच्या हिमनद्या मात्र गेल्या काही दशकांत झपाट्याने मागे सरकल्यात, आणि पायथ्याच्या गावांना त्यांचंही पाणी मिळतं.