सिमला ऑफिस, पारा आणि मान्सून

पुण्यात शिवाजीनगरच्या वेधशाळेला जुने पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून इथे आलं, ते नाव घेऊनच. (पुढे ते दिल्लीला गेलं, नाव मात्र राहिलं.)

तापलेल्या जमिनीवरची हवा वर जाते आणि समुद्रावरची तिची जागा घ्यायला येते, हे मान्सूनचं कारण एडमंड हॅलीने १६८६ मध्येच मांडलं होतं. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वारे वळतात, ही भर जॉर्ज हॅडलीने १७३५ मध्ये घातली. पण यंदा पाऊस किती पडेल, हा प्रश्न सुटत नव्हता. खातं १८७५ मध्ये सुरू झालं आणि लगेच १८७६-७८ चा दुष्काळ पडला. खात्याचा पहिला प्रमुख हेन्री ब्लॅनफर्डने हिमालयातल्या बर्फावरून अंदाज बांधायला सुरुवात केली. १८९९ मध्ये मात्र अंदाज साफ चुकला.

१९०४ मध्ये खात्याचा प्रमुख म्हणून आलेला गिल्बर्ट वॉकर गणिती होता. त्याने जगभरच्या ठाण्यांचे हवेच्या दाबाचे आकडे एकमेकांशी ताडून पाहिले. प्रशांत महासागरावर दाब चढला की हिंदी महासागरावर उतरतो, आणि उलटही, हे त्यातून निघालं. याला त्याने ‘दक्षिणी आंदोलन’ म्हटलं.

त्याचा सगळा डोलारा दाब मोजणाऱ्या पाऱ्याच्या नळीवर उभा होता, आणि ती वाचणं हे नाजूक काम. आधी जोडलेला तापमापक वाचायचा, कारण अंगाच्या उबेनेही तो चढतो. तापमान एका अंशाने चुकलं तर दाब सुमारे ०.१६ हेक्टापास्कलने (हे दाबाचं एकक) चुकतो. मग नळीवर हलकी टिचकी मारायची, व्हर्नियरची, म्हणजे सरकत्या मोजपट्टीची, कड पाऱ्याच्या फुगीर माथ्याला टेकवायची आणि आकडा घ्यायचा. वेळही ठरलेलीच हवी: उष्ण कटिबंधात दाब सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास चढतो, चारच्या सुमारास उतरतो. शेवटी तो समुद्रसपाटीवर आणायचा, म्हणजे उंचीमुळे कमी भरलेला दाब परत मिळवायचा. दर नऊ मीटरला साधारण एक हेक्टापास्कल, म्हणजे ५६० मीटरवरच्या पुण्याला साठेक मिळवावे लागतात. एवढा काटेकोरपणा लागतोच, कारण जुलैत राजस्थान-सिंधवरचा कमी दाब आणि मादागास्करच्या पूर्वेचा जास्त दाब यांत फरक असतो जेमतेम पंचवीस-तीस हेक्टापास्कलचा.

या आंदोलनाची एल निनोशी (प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापणं; अशा वर्षी आपल्याकडे पाऊस बहुधा कमी पडतो) सांगड हवामानशास्त्रज्ञ याकोब बियर्कनेसने १९६० च्या दशकात घातली. तरीही गणित सरळ नाही. १९९७ मध्ये एल निनो अतितीव्र होता, पाऊस सरासरीइतका पडला. २००२ मध्ये तो मध्यम होता, आणि जुलैचा पाऊस निम्म्यावर आला.