काठीला धक्का लागला म्हणून कुणी बाद होत नाही

हिवाळी ऑलिंपिक आलं की पुरुषांच्या स्लॅलमबद्दल, म्हणजे स्कीवरून काठ्यांमधून वळणं घेत बर्फाचा उतार उतरण्याच्या शर्यतीबद्दल, एक समज पुन्हा फिरू लागतो: लाल-निळ्या काठ्यांना न शिवता खाली यायचं, धक्का लागला की खेळाडू बाद, निदान वेळेचा दंड तरी. दोन्ही चूक.

नियम पाहतो ते फक्त पाय आणि स्की. दोन्ही स्कींची टोकं आणि दोन्ही पाय प्रत्येक गेटची, म्हणजे काठ्यांनी आखलेल्या वाटेची, रेषा ओलांडून गेले पाहिजेत. काठीवर कुणी हात मारला, नडगी आपटली, काठी बर्फावर आडवी झाली, तरी हरकत नाही. उलट अव्वल खेळाडू मुद्दामच काठीला भिडतात. स्की काठीच्या बुंध्याला चाटून जातात आणि वरचं शरीर सरळ काठीतून जातं, त्यामुळे वाट छोटी होते. हे जमू लागलं ते 1980च्या दशकात बुडाशी वाकणाऱ्या काठ्या आल्यावर. त्याआधी काठीला खरोखरच वळसा घालावा लागे. समजाचं मूळ बहुधा तिथंच असावं. नडगीवरची कवचं, हातावरच्या ढाली, हेल्मेटपुढची दांडी हा सगळा सरंजाम मार खाण्यासाठीच असतो.

मग बाद कशानं होतात? गेट चुकल्यानं, किंवा एक स्की काठीच्या भलत्या बाजूनं गेल्यानं. दक्षिण कोरियातल्या प्याँगचांगच्या ऑलिंपिकमध्ये 2018 साली नॉर्वेचा हेन्रिक क्रिस्टोफरसन पहिल्या फेरीनंतर आघाडीवर होता. दुसऱ्या फेरीत तो सुरुवातीलाच मार्गाबाहेर गेला आणि सुवर्ण स्वीडनच्या आंद्रे मिहरेरला मिळालं.