लघवीच्या तपासणीतून प्रतिरोपित मूत्रपिंडाच्या अस्वीकाराचा शोध

दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवल्यानंतर रुग्णाची प्रतिकारशक्ती त्याच्यावर हल्ला करू लागली आहे का, हे बायप्सी (अवयवाचा तुकडा काढून तपासणे) न करता लघवीतील विशिष्ट प्रथिने किंवा आरएनए (प्रथिने बनवण्याचा निरोप नेणारे रेणू) मोजून ओळखण्याची पद्धत. या हल्ल्याला अस्वीकार म्हणतात. रुग्णांच्या बोलण्यात मात्र ‘रिजेक्शन’ हाच शब्द असतो. ज्या पदार्थांचे मोजमाप होते त्यांना जैवनिर्देशक किंवा बायोमार्कर म्हणतात.

मुंबईतल्या कुठल्याही प्रतिरोपण ओपीडीबाहेर दोन जुने रुग्ण भेटले की पहिला प्रश्न असतो, ‘क्रिएटिनिन किती आलं?’ क्रिएटिनिन हा रक्तातला टाकाऊ पदार्थ, मूत्रपिंड तो नीट गाळेनासे झाले की वाढतो. सगळी भिस्त या एका आकड्यावर आहे, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. क्रिएटिनिन वाढते तेव्हा मूत्रपिंडाला इजा होऊन गेलेली असते. शिवाय इजा कशाने झाली हे तो आकडा सांगत नाही. पावसाळ्यात जुलाब झाले तरी तो वाढतो, कारण अंगातले पाणी कमी होते आणि जुलाबात टॅक्रोलिमस या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची रक्तातील पातळीही चढते, जी मूत्रपिंडाला मारक ठरते. लेप्टोस्पायरोसिस, मलेरिया, लघवीचा संसर्ग यांनीही तो वाढतो. उलट, क्रिएटिनिन अगदी स्थिर असताना आत सूज सुरू असू शकते. या छुप्या अस्वीकाराची रुग्णाला काहीच चाहूल लागत नाही.

म्हणून निर्णायक तपासणी आजही बायप्सीचीच. नवे मूत्रपिंड ओटीपोटात, कमरेच्या हाडाच्या खळग्यात, त्वचेपासून फारसे खोल नसते. सोनोग्राफीत पाहत, जागा बधिर करून सुईने त्याचे बारीक तुकडे काढतात. १९९१ मध्ये कॅनडातील बॅन्फ येथे जमलेल्या तज्ज्ञांनी हे तुकडे वाचण्याचे निकष ठरवायला सुरुवात केली आणि ‘बॅन्फ वर्गीकरण’ जगभर रूढ झाले. पण बायप्सीत रक्तस्राव होऊ शकतो, नंतर बराच वेळ पडून राहावे लागते आणि खर्चही येतो. वसई किंवा कल्याणहून लोकलने येणाऱ्या माणसाचा त्यात रोजगार बुडतो. दर पंधरा दिवसांनी बायप्सी करणे कोणालाच शक्य नाही. लघवी मात्र रोज मिळते. बहुतेक रुग्णांची स्वतःची मूत्रपिंडे जवळपास निकामी झालेली असतात, त्यामुळे ही लघवी मुख्यतः नव्या मूत्रपिंडातूनच आलेली असते. रक्तापेक्षा लघवीकडे संशोधक वळले त्याचे एक कारण हे आहे.

अस्वीकारात टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी, मूत्रपिंडाच्या ऊतींत शिरतात आणि इंटरफेरॉन गॅमा हे इशारा देणारे प्रथिन सोडतात. त्याला प्रतिसाद म्हणून मूत्रनलिकांच्या पेशी आणि सूज आलेल्या भागातील इतर पेशी सीएक्ससीएल-९ व सीएक्ससीएल-१० ही केमोकाइन प्रथिने तयार करतात. ही प्रथिने आणखी टी-पेशींना तिकडे ओढून आणतात, म्हणजे आग आपणच वारा घालून घेते. त्यांतला काही भाग लघवीत उतरतो. हल्लेखोर पेशी पर्फोरिनने समोरच्या पेशीच्या आवरणाला भोके पाडतात आणि ग्रँझाइम-बी आत सोडून तिला मारतात. लघवीत गळालेल्या पेशींमध्ये या दोन्ही प्रथिनांचे संदेशवाहक आरएनए अस्वीकाराच्या वेळी वाढलेले असतात, असे न्यूयॉर्कमधील संशोधकांनी २००१ मध्ये दाखवले. अमेरिकेतील बहुकेंद्री अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. त्यात ४८५ रुग्णांचे ४,३०० नमुने तपासले होते आणि तीन आरएनएंच्या मोजमापातून एक गुणांक बसवला होता. बायप्सीत अस्वीकार दिसण्याच्या काही आठवडे आधीपासूनच हा गुणांक चढू लागला होता.

आरएनए नाजूक असतो. नमुना लगेच प्रक्रिया करून जपावा लागतो. केमोकाइन प्रथिने त्या मानाने टिकाऊ आहेत आणि एलायझा या प्रतिपिंडांनी प्रथिन ओळखणाऱ्या प्रयोगशाळेतील तंत्राने मोजता येतात. लघवी कधी पातळ, कधी दाट असते, म्हणून आलेला आकडा लघवीतील क्रिएटिनिनने भागतात. मुंबईच्या उकाड्यात नमुना दोन-तीन तास प्रवास करून प्रयोगशाळेत येणार असेल, तर प्रथिनांची चाचणीच व्यवहार्य म्हणावी लागेल.

या चाचणीचे खरे बळ ‘नाही’ म्हणण्यात आहे. केमोकाइन कमी असतील तर टी-पेशींचा अस्वीकार बहुधा नाही, असे बऱ्याच भरवशाने म्हणता येते आणि एक बायप्सी टळू शकते. ‘होय’ मात्र इतके सरळ नाही. लघवीचा जंतुसंसर्ग किंवा बीके विषाणूमुळेही (प्रतिकारशक्ती दबलेली असताना मूत्रपिंडात बळावणारा विषाणू) हीच प्रथिने वाढतात. इथे चूक महागात पडते: अस्वीकारावर स्टेरॉइडची मोठी मात्रा देऊन प्रतिकारशक्ती दाबावी लागते, तर बीके विषाणूच्या आजारात प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे कमी करावी लागतात. लघवीतला आकडा दोन्हींत सारखाच चढलेला असतो, उपचार मात्र अगदी उलटे. म्हणून वाढलेल्या आकड्यानंतर लघवीचे कल्चर (जंतू वाढवून पाहणे), विषाणूची तपासणी आणि गरज पडल्यास बायप्सी करावीच लागते. स्वित्झर्लंडमध्ये २४१ रुग्णांवर झालेल्या यादृच्छिक चाचणीत (रुग्णांचे गट चिठ्ठी टाकल्यासारखे पाडून केलेल्या अभ्यासात) सीएक्ससीएल-१०वर नियमित नजर ठेवूनही वर्षअखेरचे परिणाम सुधारले नाहीत. आकडा आधी कळणे आणि मूत्रपिंड वाचणे यांत अंतर आहे, हे उत्साही बातम्या वाचताना ध्यानात ठेवावे.

मुंबईचा या उपचाराशी संबंध जुना आहे. मृत दात्याचे मूत्रपिंड बसवण्याचा भारतातील पहिला प्रयत्न १९६५ मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात झाला होता. १९९४ च्या मानवी अवयव प्रतिरोपण कायद्यानंतर मेंदूमृत दात्यांचे अवयव मिळू लागले. मुंबईत त्यांचे वाटप विभागीय प्रतिरोपण समन्वय केंद्रामार्फत होते. यादीत हजारो नावे आहेत आणि दाते मोजके. मिळालेले मूत्रपिंड गमावणाऱ्याला पुन्हा डायलिसिसच्या खुर्चीवर बसावे लागते. रोजच्या पाठपुराव्यात आज क्रिएटिनिन, लघवीतील प्रथिने आणि टॅक्रोलिमसची सकाळच्या गोळीआधीची पातळी याच तपासण्या होतात. केमोकाइन चाचणी त्यांची जागा घेणारी नाही. बायप्सी आज करायची की आठवडाभर थांबायचे, हा निर्णय घेताना ती डॉक्टरांच्या हाती आणखी एक पुरावा देते.