चपळ प्रकल्पसंघ : नेतृत्व व व्यवस्थापन

मोठे काम आधी संपूर्ण आखून अखेरीस एकदाच हाती देण्याऐवजी ते लहान टप्प्यांत पुरे करायचे, प्रत्येक टप्पा वापरणाऱ्याला दाखवायचा आणि त्यातून जे कळेल त्याप्रमाणे पुढची आखणी बदलायची, या रीतीला चपळ किंवा अजाइल कार्यपद्धती म्हणतात. अशा संघाचा नेता रोज कामे वाटून देत नाही. कामांचा क्रम सर्वांना दिसेल असा ठेवणे, एका वेळी किती कामे उघडायची याला बंधन घालणे आणि संघाच्या वाटेतले अडथळे काढणे ही त्याची तीन मुख्य कामे होत. पद्धतीचा जन्म सॉफ्टवेअर व कारखानदारीतला असला, तरी विदर्भाच्या ग्रामीण भागात शेतकरी उत्पादक कंपन्या, कीड-सर्वेक्षण, पाणलोटाची कामे व बचतगटांचे उद्योग यांना ती उपयोगी पडते. प्रस्तुत नोंदीत त्या वापराकडे अधिक लक्ष दिले आहे.

उगम

‘अजाइल’ हा शब्द या अर्थाने रूढ झाला तो ११ ते १३ फेब्रुवारी २००१ या दिवसांत अमेरिकेतील युटा राज्यात स्नोबर्ड येथे भरलेल्या बैठकीपासून. तेथे सॉफ्टवेअर क्षेत्रातील १७ जणांनी ४ मूल्ये मांडणारा जाहीरनामा काढला. त्याला पुढे १२ तत्त्वांची जोड मिळाली. तोवर या पद्धतींना ‘हलक्या’ पद्धती म्हणत. शब्दाचे वय असे निश्चित सांगता येते. पद्धतीच्या वयाबद्दल मात्र अभ्यासकांत मतभेद आहेत.

एक मत असे की, ही पद्धत १९९० च्या दशकात ‘धबधबा’ पद्धतीविरुद्धची प्रतिक्रिया म्हणून निघाली. धबधबा म्हणजे आधी सर्व गरजा लिहायच्या, मग आराखडा, मग बांधणी, मग चाचणी. वरची पायरी सोडली की परत चढायचे नाही. या पद्धतीचे जनकत्व विन्स्टन रॉइस यांच्या १९७० मधील निबंधाला देण्याचा प्रघात आहे. तो बरोबर नाही. रॉइस यांनी अशा सरळ पायऱ्यांची आकृती काढली हे खरे, पण ती तशीच राबवणे धोक्याचे आहे असे त्यांनी तेथेच बजावले आणि नवे काम जणू दोनदा करावे, असा सल्ला दिला. ‘धबधबा’ हा शब्दही त्यांच्या निबंधात नाही. तो बेल व थेयर यांच्या १९७६ मधील निबंधात आढळतो.

दुसरे मत जपानी कारखानदारीकडे बोट दाखवते. हिरोताका ताकेउची व इकुजिरो नोनाका यांनी १९८६ मध्ये फुजी-झेरॉक्स, कॅनन, होंडा आदी कंपन्यांतील नव्या वस्तूंच्या निर्मितीचा अभ्यास प्रसिद्ध केला. काम एका विभागाकडून दुसऱ्याकडे सोपवत जाण्याऐवजी रग्बीच्या संघासारखे सर्वांनी मिळून पुढे नेणे, ही त्यांची उपमा. त्या खेळातला ‘स्क्रम’ हा शब्द सॉफ्टवेअर क्षेत्रातील जेफ सदरलंड व केन श्वेबर यांनी उचलून आपल्या पद्धतीला दिला. सदरलंड यांनी १९९३ च्या सुमारास ईझल कंपनीत तशा रीतीने काम केले आणि १९९५ मध्ये ऑस्टिन येथील परिषदेत दोघांनी पद्धतीची मांडणी केली.

तिसरे मत क्रेग लार्मन व व्हिक्टर बॅसिली यांचे (२००३). टप्प्याटप्प्याने करण्याची मुळे त्यांनी १९३० च्या दशकातील वॉल्टर शूहार्ट यांच्या गुणवत्ताविषयक कामापर्यंत नेली. १९६० च्या आरंभीच्या ‘मर्क्युरी’ अंतराळ प्रकल्पात अर्ध्या अर्ध्या दिवसाचे टप्पे पाडले जात, हेही त्यांनी नोंदले.

टप्प्यांपुरते पाहिल्यास तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र काम कसे करायचे हे संघानेच ठरवायचे आणि वरच्याने त्यात फारसा हात घालायचा नाही, ही कल्पना १९८६ च्या अभ्यासात जितकी स्पष्ट दिसते तितकी त्यापूर्वी दिसत नाही. म्हणून नेतृत्वाच्या इतिहासात त्या वर्षाला महत्त्व द्यावे लागते.

सावड किंवा इर्जिक ही आपली जुनी चपळ पद्धतच होय, असे कधी कधी म्हटले जाते. साम्य आहे, वंश नाही. सावडीत श्रमांची देवाणघेवाण असते. निंदणाचे काम निंदणाचेच राहते, दर पंधरवड्याला ते बदलत नाही. स्वयंनिर्णयाच्या दृष्टीने जवळचे उदाहरण गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाचे आहे. तेथील ग्रामसभा बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय घेते आणि विषयाची चर्चा अभ्यासगटात आधी होते. २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. चर्चेची जागा आणि निर्णयाची जागा वेगळी ठेवण्याची ही शिस्त पुष्कळ चपळ संघांना साधलेली नाही.

नेत्याचे स्थान

स्क्रममध्ये जबाबदाऱ्या तीन : काय करायचे व आधी काय हे ठरवणारा प्रॉडक्ट ओनर, कसे करायचे हे ठरवणारा संघ, आणि पद्धत नीट चालते की नाही हे पाहणारा स्क्रम मास्टर. स्क्रम मास्टरला दीर्घकाळ ‘सेवक-नेता’ म्हटले गेले. ही संज्ञा रॉबर्ट ग्रीनलीफ यांच्या १९७० मधील निबंधामुळे रूढ झाली. स्क्रमच्या अधिकृत मार्गदर्शिकेच्या २०२० च्या आवृत्तीत ती काढून ‘सेवा करणारे खरे नेते’ अशा आशयाचे शब्द आले. बदल लहान दिसतो, पण योग्य आहे : ‘सेवक’ म्हटल्यावर चहा सांगणे आणि हजेरीपट भरणे एवढेच काम या माणसाच्या वाट्याला येत होते.

प्रॉडक्ट ओनर ही एकच व्यक्ती असावी, समिती नव्हे. शेतकरी उत्पादक कंपनीत नेमके येथेच अडते. कायद्याने अशा कंपनीला किमान ५ व कमाल १५ संचालक असतात आणि प्रत्येक जण आपापल्या गावचे काम आधी सांगतो. संचालक मंडळाने ठरावाने एका व्यक्तीला क्रम लावण्याचा अधिकार द्यावा आणि इतरांनी आपली मागणी तिच्याकडे नेऊन घालावी. ठराव तोंडी ठेवल्यास हंगामाच्या पहिल्या ओढाताणीत तो टिकत नाही.

संघाचा आकार १० पर्यंत असावा. कारण साध्या गणिताचे आहे : ५ जणांत बोलण्याच्या जोड्या १० होतात, ७ जणांत २१, १२ जणांत ६६. मागे पडलेल्या कामावर माणसे वाढवली तर ते आणखी मागे पडते, हे फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये सॉफ्टवेअरबद्दल सांगितले. नव्या माणसाला शिकवण्यात जुन्याचा वेळ जातो. कापूस वेचणीला हे लागू नाही, तेथे बाया वाढल्या की वावर लवकर मोकळे होते. सर्वेक्षणाला मात्र लागू आहे.

फळा, मर्यादा आणि ‘झाले’

संघाचे साधन म्हणजे भिंतीवरचा फळा. त्यावर तीन रकाने : करायचे, चालू, झाले. एक काम म्हणजे एक चिठ्ठी. ‘चालू’ रकान्यावर आकडा लिहून ठेवायचा आणि तेवढ्याहून जास्त चिठ्ठ्या तेथे येऊ द्यायच्या नाहीत. हे तंत्र टोयोटाच्या कानबान पद्धतीतून आले आहे.

या बंधनामागचा हिशेब जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमात आहे : एका कामाला लागणारा सरासरी वेळ म्हणजे चालू कामे भागिले काम पुरे होण्याचा वेग. समजा, गुलाबी बोंडअळीच्या पाहणीचा संघ आठवड्याला ४ गावे पुरी करतो आणि त्याने १२ गावे उघडून ठेवली आहेत. एका गावाला सरासरी ३ आठवडे लागतील. वेग तोच ठेवून ६ गावेच उघडी ठेवली, तर दीड आठवडा. हा फरक कागदावरचा नाही. अळी एकदा बोंडात शिरली की फवारणी तिच्यापर्यंत पोचत नाही. निकाल दीड आठवडा उशिरा कळला, तर शेतकऱ्याचा फवारा वाया जातो.

‘झाले’ म्हणजे काय, हे संघाने आधीच लिहून भिंतीवर लावावे. ‘सापळे लावले’ म्हणजे झाले नव्हे. एकरी २ कामगंध सापळे (पतंगांना वासाने ओढणारे) उभे आहेत, सलग ३ दिवस सकाळी त्यांतले पतंग मोजले आहेत, एकरातून कोठूनही तोडलेली २० हिरवी बोंडे फोडून पाहिली आहेत आणि निकाल शेतकऱ्याला त्याच दिवशी सांगितला आहे, एवढे पुरे झाले की चिठ्ठी सरकते. सापळ्यात दररोज ८ पतंग सलग ३ दिवस सापडणे, किंवा २० पैकी २ बोंडे किडलेली निघणे, ही आर्थिक नुकसानीची पातळी मानतात. चिठ्ठीवर हे आकडे लिहिण्यास जागा ठेवावी. नुसती बरोबरची खूण असलेली चिठ्ठी दोन दिवसांनी कोणाच्याच कामाची राहत नाही.

अंदाज

कामाचा आकार तासांत न सांगता तुलनेने सांगतात. जेम्स ग्रेनिंग यांनी २००२ मध्ये सुचवलेल्या ‘प्लॅनिंग पोकर’मध्ये प्रत्येक जण १, २, ३, ५, ८, १३ यांपैकी एक आकडा उपडा ठेवतो आणि सर्व आकडे एकदम उलटतात. एकदम उलटण्यालाच महत्त्व आहे. वयाने किंवा पदाने मोठा माणूस आधी बोलला की बाकीचे त्याच्यामागे जातात, आणि जिथे प्रत्येक जण कोणाचा तरी पुतण्या किंवा वहिनी आहे अशा गावच्या संघात हे हमखास घडते.

आकडे उलटल्यावर सरासरी काढू नये. सर्वांत लहान व सर्वांत मोठा आकडा टाकणाऱ्याला कारण विचारावे. एकाने ३ लिहिले, दुसरीने १३. तिचे कारण एका वाक्यात येते : “भाऊ, त्या पांदणीनं गाडी जात नाही, पाणी पडलं की पायीच जा लागते.” काळ्या मातीत चाकाला चिखलाचा गोळा बसतो आणि दुचाकी जागच्या जागी रुतते, हे माहीत असलेला माणूस तोच रस्ता तुडवणारा असतो. नेत्याने अशा वेळी फक्त विचारायचे आणि गप्प राहायचे.

ठेका

कामाच्या एका ठरावीक मुदतीच्या टप्प्याला स्प्रिंट म्हणतात; त्याची कमाल मर्यादा एक महिना आहे. शेतीच्या हंगामात दोन आठवडे सोयीचे. महिन्याच्या स्प्रिंटसाठी आखणीला जास्तीत जास्त ८ तास, आढाव्याला ४ आणि मागे वळून पाहण्याच्या बैठकीला ३ तास ही मर्यादा आहे. दोन आठवड्यांना साधारण निम्मे धरतात. रोजची उभी बैठक १५ मिनिटांची, शेतात निघण्यापूर्वी. शेतीपंपाला रात्रपाळीची वीज असलेल्या आठवड्यात शेतकरी रात्रभर ओलितावर असतो; त्या आठवड्यात भेटीच्या वेळा उशिराच्या ठेवाव्यात.

बोंडे भरण्याच्या दिवसांतच पोळा, तान्हा पोळा आणि महालक्ष्म्या येतात. या स्प्रिंटमध्ये संघाची ताकद नेहमीसारखी धरून काम घेतले की अर्ध्या चिठ्ठ्या उरतात. किती माणसे किती दिवस हजर आहेत ते आधी मोजावे, मगच चिठ्ठ्या उचलाव्यात. सापळे मोजण्याचे काम मात्र सणातही थांबवता येत नाही. त्याची पाळी आखणीच्या दिवशीच लावलेली बरी.

बिघाड

सर्वांत जुना बिघाड मुकादमीचा. उभी बैठक हजेरी बनते. ओळखण्याची खूण सोपी : बोलणारा फळ्याकडे नव्हे, नेत्याच्या तोंडाकडे पाहतो. अशा वेळी नेत्याने फळ्याच्या बाजूला, किंचित मागे उभे राहावे आणि माणसाला नव्हे, चिठ्ठीला प्रश्न विचारावा. ‘झाले’च्या सर्वांत जवळची चिठ्ठी आधी, मग तिच्यामागची. “हिला आज काय अडलं?” एवढा प्रश्न पुरतो.

दुसरा बिघाड व्हॉट्सॲपचा. तालुक्याहून दुपारी ‘आजच माहिती पाठवा’ असा निरोप येतो आणि चालू चिठ्ठ्या बाजूला पडतात. निरोप नाकारता येत नाही, हे वास्तव आहे. उपाय म्हणून फळ्यावर तातडीची एकच जागा आखतात; दुसरे तातडीचे काम आले, तर पहिले तेथून काढून रांगेत लावायचे. किती वेळा काढावे लागले याच्या रेघा शेजारी ओढल्या की महिन्याच्या बैठकीत साहेबांपुढे ठेवायला पुरावा राहतो.

दोन संघांच्या अंदाजाच्या आकड्यांची तुलना करू नये. तुलना होते हे कळताच ३ चे काम ८ चे होते. मागे वळून पाहण्याच्या बैठकीत भाऊबंदकीमुळे एक तर शांतता राहते, नाही तर गैरहजर माणसावर खापर फुटते. चिठ्ठ्यांवर लिहून घेणे आणि त्यांतून एकच सुधारणा निवडून पुढच्या स्प्रिंटची पहिली चिठ्ठी करणे हा त्यातला टिकाऊ मार्ग. ब्रूस टकमन यांनी १९६५ मध्ये गटाच्या जुळणीचे चार टप्पे सांगितले (पाचवा, विसर्जनाचा, १९७७ मध्ये). त्यांचा आधार प्रामुख्याने उपचारगटांवरील अभ्यासांचा होता. जन्मापासून एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांच्या संघाला ते टप्पे जसेच्या तसे लावू नयेत.

मर्यादा

गोदामाची बांधणी, सिमेंट नालाबांध अशा कामांत क्रम ठरलेला असतो आणि अर्धवट टप्पा कोणाच्या उपयोगाचा नसतो. तेथे पारंपरिक आखणीच बरी. अनुदानित कामांत रक्कम व मार्चअखेरची मुदत हलत नाही. अशा ठिकाणी कामाचा आवाका बदलता ठेवावा लागतो आणि तसे करारात आधी लिहावे लागते.

हंगामी संघाचे विसर्जन हेही नेत्याचे काम आहे. बोंडअळीच्या संघाची शेवटची चिठ्ठी फरदड (हंगामानंतरही उभे ठेवलेले कपाशीचे पीक) न घेता पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडे, उपटण्याची असते, आणि तीच फळ्यावर सर्वांत जास्त दिवस अडकते. उपटलेली पऱ्हाटी धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) रचून ठेवली की किडक्या बोंडांतल्या अळ्या तेथेच पुढच्या हंगामाची वाट पाहतात. पण ती रचलेली असते चुलीसाठी, आळसापोटी नव्हे. शेतकऱ्याला पुन्हा पुन्हा बजावून ही चिठ्ठी सरकत नाही. रचण्यापूर्वी झाडावरची उरलेली बोंडे तोडून नष्ट करणे आणि जेथे पऱ्हाटीचे तुकडे करणारे श्रेडर यंत्र भाड्याने मिळते तेथे त्याचा दिवस गावाशी आधी ठरवणे, हे अडथळा काढण्याचे काम नेत्याने डिसेंबरातच हाती घ्यावे लागते.