एआरएम बोर्डवर लिनक्स बसवणे आणि कर्नलची निवड

एआरएम प्रोसेसरच्या छोट्या बोर्डांवर लिनक्स बसवताना बहुधा इन्स्टॉलर लागतच नाही. लिनक्स वितरणाची (कर्नल आणि प्रोग्रामच्या संचाची) तयार इमेज एसडी कार्डावर लिहायची आणि बोर्ड सुरू करायचा. खरा प्रश्न कर्नलचा, म्हणजे हार्डवेअर हाताळणाऱ्या लिनक्सच्या गाभ्याचा असतो. पीसीत कोणती उपकरणे आहेत हे यूईएफआय आणि एसीपीआय या मानकांनुसार चालणारे फर्मवेअर कर्नलला सांगते, म्हणून एकच आयएसओ कुठल्याही पीसीवर चालते. या बोर्डांवर ती सोय सहसा नसते. सिरियल पोर्ट कोणत्या पत्त्यावर आहे, दिवा कोणत्या पिनवर आहे, हे कर्नलला बाहेरून पुरवावे लागते.

पूर्वी ही माहिती प्रत्येक बोर्डासाठी कर्नलच्या सी कोडमध्येच लिहिली जाई. २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी या पसाऱ्यावर उघड नाराजी व्यक्त केली. त्यानंतर पॉवरपीसीवर आधीच रुळलेली डिव्हाइस ट्री पद्धत (बोर्डाच्या उपकरणांचे वर्णन कर्नलबाहेरच्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवणारी) एआरएमवर आणण्याच्या कामाला वेग आला. डिसेंबर २०१२ च्या ३.७ आवृत्तीपासून वेगवेगळ्या कंपन्यांच्या चिपसाठी एकच कर्नल बांधता येऊ लागला. ६४-बिट एआरएमही त्याच आवृत्तीत आले.

बूटलोडर, म्हणजे कर्नल मेमरीत आणून सुरू करणारा प्रोग्राम, मात्र आजही बोर्डागणिक वेगळा असतो. रॉकचिपची चिप तो कार्डाच्या ६४व्या सेक्टरवर शोधते, ऑलविनरची ८ केबीवर. म्हणून एका बोर्डाची इमेज दुसऱ्यावर सहसा उठत नाही. स्क्रीन काळीच राहिली, तर यूएसबी-सिरियल केबल लावून बूटचा लॉग वाचावा. रॉकचिपच्या अनेक बोर्डांवर सिरियलचा वेग १५,००,००० बॉड असतो. नेहमीच्या १,१५,२०० वर नुसती अगम्य अक्षरे दिसतात.

कर्नल निवडताना मुख्य पर्याय दोन: मेनलाइन, म्हणजे लिनक्सच्या मूळ प्रकल्पाचा कर्नल, आणि चिप बनवणाऱ्या कंपनीचा, म्हणजे व्हेंडर कर्नल. व्हेंडर कर्नल जुन्या आवृत्तीवर अडकलेला असतो, पण कॅमेरा, एनपीयू (एआयच्या गणितासाठीचा भाग), हार्डवेअर व्हिडिओ एन्कोडिंग बरेचदा त्यातच नीट चालते. रॉकचिपच्या आरके३५८८ या चिपच्या बोर्डांवर हा अनुभव ठळकपणे आला. घरचा सर्व्हर किंवा एनएएस (नेटवर्कवरून वापरायचा साठा) उभारायचा असेल तर मेनलाइनच घ्यावा. सुरक्षेच्या दुरुस्त्या तिथे लवकर मिळतात. आर्मबियन हे वितरण बऱ्याच बोर्डांसाठी दोन्ही प्रकारचे कर्नल देते.

रास्पबेरी पाय ५ (२०२३) वर निवडीचा आणखी एक पैलू दिसतो. त्याच्या ६४-बिट ओएसचा मूळ कर्नल १६ केबीची मेमरी पाने (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे) वापरतो. त्यामुळे वेग थोडा वाढतो, पण ४ केबीची पाने गृहीत धरून बांधलेले काही प्रोग्राम सुरूच होत नाहीत. ‘गेटकॉन्फ पेजसाइझ’ या आज्ञेचे उत्तर १६३८४ आले, तर १६ केबीचा कर्नल चालू आहे. बूट विभाजनातल्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘कर्नल=कर्नल८.आयएमजी’ ही ओळ घातली की ४ केबीचा कर्नल उठतो.

कर्नल बदलताना डिव्हाइस ट्रीची फाइलही सोबत बदलावी लागते. व्हेंडर कर्नलची ट्री मेनलाइनला बहुधा चालत नाही: कर्नल उठला तरी नेटवर्क किंवा एचडीएमआय बंद राहते.