गुडघे दुखतात म्हणून सहलीतून नाव काढू नका

ठाण्यातल्या महिला मंडळांत वर्षानुवर्षं एक वाक्य फिरतंय: "जिला सगळ्यांबरोबर चालवत नाही, तिनं सहलीला येऊ नये, बाकीच्यांचा खोळंबा होतो." हे खरं नाही. खोळंबा होतो तो सगळ्यांना एकाच वेगानं चालवण्याच्या हट्टामुळे. वयावरूनही काही ठरत नाही. रोज तलावपाळीला फेऱ्या मारणाऱ्या पासष्टीच्या काकू बैठं काम करणाऱ्या पंचेचाळिशीच्या बाईला सहज मागे टाकतात.

रायगडच घ्या. पायऱ्या चौदाशेच्या वर, पण पायथ्याहून रोपवे काही मिनिटांत वर नेतो. हौस असलेल्यांनी पहाटे चढावं, बाकीच्यांनी रोपवेनं यावं, वर होळीच्या माळावर सगळ्यांनी भेटावं. उतरताना मात्र चढून आलेल्यांनीही रोपवेच धरावा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. गुडघ्याच्या वाटीवर चढण्यापेक्षा उतरताना जास्त ताण येतो, आणि नेमकं हेच विसरलं जातं.

माथेरानला मोटारी दस्तुरी नाक्यापर्यंतच जातात. तिथून जवळच्या अमन लॉज स्थानकावरून माथेरानपर्यंत छोट्या रेल्वेची शटल गाडी आहे.

लांबच्या रेल्वेप्रवासात तिकिटं दोघी-दोघींची काढा. ४५ वर्षांवरच्या महिलांसाठी खालच्या बर्थचा कोटा असतो, पण तो एका तिकिटावर एकटी किंवा दोघीच असतील तरच मिळतो. सहाजणींचं तिकीट एकत्र काढलं की तो हातचा जातो.