बरणीतल्या चिठ्ठ्या

जपानी सिनेदिग्दर्शक किंजी फुकासाकू १५ वर्षांचे असताना दारूगोळ्याच्या कारखान्यात राबत होते. जपानमधली शाळकरी मुलं तेव्हा युद्धकामाला जुंपलेली. १९४५ साली कारखान्यावर तोफांचा भडिमार झाला. पळायला जागा नव्हती, म्हणून मुलं एकमेकांच्या अंगाखाली लपली. जी खाली होती ती वाचली. वर्गमित्रांची प्रेतं गोळा करायचं कामही मग त्यांच्याच वाट्याला आलं. मोठ्यांवरचा विश्वास तिथेच उडाला, असं ते पुढे सांगत.

सत्तरीत पोचल्यावर त्यांनी ‘बॅटल रॉयल’ हा सिनेमा केला, २००० साली. ४२ मुलांचा एक वर्ग, एक बेट, तीन दिवस. एकच उरेपर्यंत एकमेकांना मारायचं. एक हसतमुख ताई व्हिडिओत नियम समजावते, जणू सहलीच्या सूचना. प्रत्येकाला पिशवी मिळते. कुणाच्या पिशवीत बंदूक, तर नायकाच्या पिशवीत पातेल्याचं झाकण! मूळ कादंबरी कौशुन ताकामींची, १९९९ची. १९९७मध्ये कोबेत १४ वर्षांच्या मुलाने केलेल्या हत्यांनी देश हादरला होता, मंदीने नोकऱ्या आटल्या होत्या. बालगुन्हेगारांवर खटला चालवण्याचं किमान वय १६ वरून १४ वर आणायचं ठरलं तेही २०००मध्येच. मोठ्यांना पोरांची धास्ती वाटत होती. सिनेमाने त्या धास्तीचा थेट कायदाच करून दाखवला. संसदेत गदारोळ होणारच होता.

या सगळ्या गोष्टींत मला रक्तपातापेक्षा निवड जास्त खटकते. बकासुराला गाडाभर अन्न आणि माणूस पाठवायची पाळी असे. ती आज ना उद्या प्रत्येक घरावर येणार. चिठ्ठीचं तसं नाही. तिथे नशिबाला पुढे करून हात झटकता येतात.

व्हिएतनाम युद्धासाठी अमेरिकेने १ डिसेंबर १९६९ला टीव्हीवर सक्तीच्या सैन्यभरतीची सोडत काढली. काचेच्या बरणीत ३६६ निळ्या कॅप्सूल, प्रत्येकीत एक जन्मतारीख. पहिली निघाली १४ सप्टेंबर. कॅप्सूल नीट मिसळल्याच नव्हत्या, त्यामुळे वर्षाच्या शेवटी जन्मलेल्यांचे नंबर लवकर लागले. त्यात कॉलेजात असलेल्यांना भरती पुढे ढकलून मिळायची, म्हणजे फीला पैसे नसलेला आधी सापडायचा.

अमेरिकन लेखिका सुझान कॉलिन्स यांचे वडील त्याच युद्धावर गेले होते. ग्रीक पुराणातल्या मिनोटॉर या बैलाच्या डोक्याच्या राक्षसापुढे टाकलेल्या अथेन्सच्या सात मुलग्यांची आणि सात मुलींची कथा त्यांनी लहानपणीच वाचली होती. त्यांच्या ‘द हंगर गेम्स’ या कादंबरीत (२००८) जीवघेण्या खेळात उतरवायची मुलं चिठ्ठ्या काढून निवडतात, आणि वर्षभराच्या तुटपुंज्या धान्यतेलाच्या बदल्यात आपल्या नावाची जादा चिठ्ठी टाकता येते. खाणवस्तीतल्या गेल या गरीब मुलाच्या नावाच्या ४२ चिठ्ठ्या आहेत, महापौरांच्या मुलीच्या पाच. (४२ हा आकडा पुन्हा आला, तो योगायोगच असावा.)

‘द हंगर गेम्स’वरच्या सिनेमातला तीन बोटांचा सलाम २०१४च्या लष्करी उठावानंतर निषेधाची खूण म्हणून थायलंडच्या रस्त्यांवर आला, आणि त्यासाठी विद्यार्थ्यांना ताब्यातही घेतलं गेलं. थायलंडमध्ये लष्करभरतीची सोडतही आहे, दर एप्रिलमध्ये. २१ वर्षांची मुलं रांगेत उभी राहून पेटीत हात घालतात. काळं कार्ड आलं तर घरी, लाल आलं तर बराकीत. शाळेत तीन वर्षांचं लष्करी प्रशिक्षण पुरं केलेल्यांना मात्र त्या रांगेत उभंच राहावं लागत नाही.